मंगळवार-शुक्रवारचे पतंग

नाई बाबा, आता मधात बोलू नका. तुम्ही दरवेळी हेच करत. मी भांडायले तोंड उघडलं की "आधी पाणी पे, मंग बोल" म्हणत, अन् तांब्याभर पाणी पेता पेता माहा अर्धा राग घशातून खाली उतरून जाये. आज पाणी नाई पेत मी. आज तुम्ही ऐकून घ्याचं. तुम्ही खोटं लिहिलं. एक दिवस नाई, दोन दिवस नाई, सहा आठवडे. दर मंगळवारी अन् दर शुक्रवारी, आठ सापळे, आठ आकडे, सुंदर अक्षरात, एक खाडाखोड नाई. अन् ज्या माणसानं मले दहा वर्षांची असताना एका शून्यासाठी उन्हातून परत वावरात नेलतं, त्याच माणसानं लिहिलं. म्हणून राग आहे. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

हॉलच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहून राह्यली. आत प्रोजेक्टर सुरू होऊन नाई राह्यला म्हणून "पाच मिनिटं बाहेर बस" म्हटलं मले, त्या पाचाची वीस झाली. पीएचडीचा मोठा सेमिनार आहे. बाहेरून दोन सर आले आहेत, आई पहिल्या रांगेत बसली आहे, अन् मले अजून ठरवता आलं नाई का आत जाऊन तुमच्या वहीबद्दल काय सांगाचं. तुम्हाले जाऊन दहा वर्षं झाली. मेलेल्या माणसाशी बोलणाऱ्या बाईले लोक येडी म्हणतात. पण कागदावर लिहिणाऱ्या बाईले कोणी काई म्हणत नाई, शेवटचा अभ्यास करून राह्यली समजतात.

शून्याची गोष्ट तुमच्या ध्यानात असंन, तरी सांगते, भांडणात पुरावे लागतात. आपण रोहण्याले होतो. तुम्ही कृषी सहायक. ऑफिसले आठवड्याची सरासरी दिली का झालं, पण तुमची स्वतःची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. ती ऑफिसनं मागितली नव्हती, कोणीच मागितली नव्हती. कपाशीच्या वावरात काडीले टांगलेले आठ सापळे, वर हिरवं झाकण, खाली प्लास्टिकची लांब पिशवी, झाकणाखाली वासाची एक रबरी गोळी. मादीचा वास समजून बोंडअळीचे नर पतंग येत अन् पिशवीत पडत. मंगळवारी अन् शुक्रवारी तुम्ही पिशवीची गाठ सोडत, पतंग तळहातावर घेऊन मोजत, वहीत लिहित, पिशवी झटकून परत बांधत. दिवाळीच्या सुट्टीत मी सोबत. त्या दिवशी तुम्ही म्हटलं, "सात नंबरचा तू पाहून ये." सात नंबर नाल्याच्या पलीकडं. नाल्याच्या काठावर सीताफळाचं झाड, अन् त्याले एक सीताफळ असं पिकलेलं का हात लावताच फुटलं. मी तिथंच बसली. खाल्लं. परत येऊन म्हटलं, "शून्य."

तुम्ही पेन टेकवला, अन् थांबले. माह्या हनुवटीकडं पाह्यलं. "नाला ओलांडला?" मी म्हटलं हो. "मंग पायाले चिखल काऊन नाई?" बस, एवढंच. मारलं नाई, ओरडले नाई. माहा हात धरून नेलं, नाला ओलांडायले लावला, पिशवी सोडायले लावली. तीन पतंग होते. तुम्ही म्हणे, "बाई, शून्य म्हणजे काई नाई असं नसते. शून्य म्हणजे मी गेलो, पाह्यलं, अन् तिथं नव्हतं. न जाता लिहिलेलं शून्य म्हणजे कागदाले पाडलेलं भोक." मंग वापस येता येता दुसरं सीताफळ तोडून अर्धं मले देलं, अर्धं तुम्ही खाल्लं, अन् बिया नाल्यात थुंकायची शर्यत लावली. ती तुम्ही जिंकली. माह्या सगळ्या शिक्षणात इतकी पक्की शिकवण मले दुसरी कोणी देली नाई. गणिताच्या मोठ्या मोठ्या पुस्तकातही शून्याबद्दल इतकं स्वच्छ कोणी लिहिलेलं नाई, मी पाह्यलं शोधून.

आता माहं काम सांगते, कारण तुमच्या वेळी ते नुसतं सुरू होत होतं. माहं काम म्हणजे जिवाचं गणित मांडणं. बोंडअळीची चार घरं समजा, ओळीनं: अंडी, अळी, कोष, पतंग. या घरातून त्या घरात रोज किती जण जातात, वाटेत किती मरतात, ऊन किती, पाऊस किती, एवढं लिहिलं का समीकरण तयार. अन् यातली खरी मजा म्हणजे उशीर. आजचा पतंग आजचा नसतेच, तो महिन्याभराआधीच्या अंड्याचा असते. म्हणून आज काय होईन हे सांगायले महिन्याभराआधी काय होतं ते माहीत लागते. बीएस्सीले होती तेव्हा मी तुम्हाले हे पहिल्यांदा सांगितलं, तुम्ही ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. तुम्ही म्हणे, "अळीले माहीत आहे का तुहं समीकरण?" मी तोऱ्यात म्हटलं, "अळीले माहीत असाची गरज नाई." "मंग बरं आहे," तुम्ही म्हणे, "नाईतर बिचारी नापास झाली असती." आई आतून हसली. मी चिडली. आता चिडत नाई. आता मी हे वाक्य माह्या विद्यार्थ्यांले सांगते, फक्त कोणाचं आहे ते सांगत नाई.

तुमच्या वह्या मी पेटीतून काढल्या. सहा हंगामांच्या सहा वह्या, आईनं त्याईच्यात कडुलिंबाचा पाला ठेवलता. सगळे आकडे कॉम्प्युटरात टाकले, माहं मॉडेल त्याच्यावर चालवलं, अन् बसलं बाबा. सगळीकडं बऱ्यापैकी बसलं, पण एका हंगामात तर असं बसलं का पाहतच राहावं. हंगामाच्या मधात पतंगांची एक टेकडी, बराबर समीकरणानं सांगितली तिथं. माहा अख्खा चौथा चॅप्टर त्या टेकडीवर उभा आहे. मागच्या सेमिनारले बाहेरच्या सरांनी तुमची वही हातात घेतली, पानं उलटली अन् म्हटलं का इतकी इमानदार नोंद आजकाल पाहायले भेटत नाई. हे मी घरी येऊन आईले सांगितलं. ती उठली. तुमच्या फोटोवरची धूळ पुसली. ती धूळ सकाळीच पुसलेली होती.

मंग मॅडमनं पकडलं. मॅडम म्हणजे माह्या गाइड, नागपूरच्या आहेत, बोलायले एकदम साफ. त्या म्हणे, "नुसतं बसलं-बसलं काय करते, उरलेलं काढून दाखव." उरलेलं म्हणजे मॉडेलनं सांगितलेल्या अन् वहीतल्या आकड्यातला फरक. खऱ्या नोंदीचा फरक उड्या मारते, फोडणीतल्या मोहरीसारखा. एखाद्या दिवशी पाऊस येते, एखाद्या गोळीचा वास उतरते, एखादा सरडा पिशवीत तोंड घालून दोन पतंग खाऊन जाते. त्या हंगामातले सहा आठवडे मात्र मोहरी तडतडतच नव्हती. मॅडमनं स्क्रीनवर पेन टेकवला.

"हे बघ. इथे तुझे पतंग शाळेत जाऊन राहिले. रांगेत, हात पुढच्याच्या खांद्यावर."

"चांगलंच आहे ना मॅडम. मॉडेल बसलं."

"इतकं कोणी बसत नसतं, बेटा. जिवंत गोष्ट थोडी तरी वात्रट असते. हे कोणीतरी सापळा न बघता लिहिलंय."

"माहे बाबा तसे नव्हते."

"मी बाबांबद्दल कुठे बोलली? मी बारा ओळींबद्दल बोलतेय."

मी त्याईच्या केबिनमधून उठून आली बाबा. दार आपटलं. गाइडच्या केबिनचं दार कोणी आपटत नसते, पण मी आपटलं. तुमच्यासाठी. तेव्हा मी तुमच्या बाजूनं होती.

सिंदी मेघेतल्या घरी आली तर आई स्वयंपाकघरात खाली बसून सांबाराची जुडी सोडून कोथिंबीर निवडत होती, हिरव्या काड्या एकीकडं, पिवळी पानं एकीकडं. मी वही तिच्यासमोर ठेवली अन् विचारलं, या दिवसात काई झालतं का, बाबा आजारी होते का, कोणी दुसऱ्यानं सापळे पाह्यले का. आई चष्म्याशिवाय वाचत नाई. ती म्हणे, "साल सांग."

"माही अकरावी."

"तुही अकरावी?" तिनं हात पदराले पुसले. "अवो, तेव्हा ते वावरात होतेच कुठं? ते तर तुह्या कॉलेजसमोर बसलेले राहत."

"ऑफिसचंच लिहाचं काम होतं ना त्याईचं तेव्हा, तिथं बसून करत."

"कोणतं ऑफिस अन् कोणतं काम! रजा टाकली होती त्याईनं. साठवलेली सारी रजा, दीड महिना. मले म्हणे, पोरीले सांगू नको, तिले ओझं होईन." अन् मंग परत काड्या निवडता निवडता, जसं काई झालंच नाई, "लहानपणापासून तुले ओझं होऊ नये म्हणून आमी दोघं इतकं खोटं बोललो का आता आठवतही नाई कोणतं कोणतं."

आई बोलते अन् मी परत सोळा वर्षांची आहो. वर्ध्याचं कॉलेज, वर्गात शंभराच्या वर पोट्टे-पोट्टी. पहिल्या दिवशी दारातून आत पाय टाकते अन् पोटात कालवून येते, कानात शिट्टी वाजते, हात ओले. कशाची भीती ते मलेच सांगता येत नाई. कोणी काई बोललेलं नाई, कोणी हसलेलं नाई. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रोहण्याच्या स्टॉपवर एसटी समोर उभी राहते अन् मी खाली मातीत बसून घेते, मी नाई जात. कंडक्टर घंटी वाजवते. तुम्ही रागावत नाई. उकिडवे बसून विचारता, "मी बाहेर बसलो तर जाशीन?" मी म्हणते, "दिसले पाह्यजे." "दिसीन." "खिडकीतून दिसले पाह्यजे." "खिडकीतून दिसीन. चाल, कंडक्टर आपल्याले शिव्या देऊन राह्यला मनातल्या मनात."

गेटसमोर पुलिया आहे, नाल्यावरचा बुटका पूल, तिच्यावर कडुलिंबाची सावली. तिसऱ्या बाकावरून खिडकीतून बराबर तेवढंच दिसते: पुलिया, पांढरा शर्ट, डबा, अन् मांडीवर निळी वही. मी दर दहा मिनिटांनी पाहते. तुम्ही कधी आभाळाकडं पाहता, कधी बोटांवर हिशेब करता, कधी ओठ हलतात. मंग लिहिता. मले वाटते जुन्या नोंदी साफ करून लिहून राह्यले. मले वाटते, किती कामाचा माणूस आहे माहा बाप, रस्त्यावर बसूनही काम करते.

आता समजते तुम्ही काय करत होते. मागच्या खेपेले पाच होते. परवा पाऊस आला, मतलब पतंग कमी उडले असतीन. काल रात्री चांदणं होतं, अजून एक कमी. पण महिन्याभराआधी कपाशीच्या कळ्या-पात्यांवर अंडी लय दिसलती, ती आता पतंग होऊन निघतीन, मतलब तीन जास्त. म्हणून सहा. बाबा, मांडीवर वही ठेवून तुम्ही माहं समीकरण सोडवत होते, मले समीकरण हा शब्द नीट समजाच्या आधी. घरं तीच, उशीर तोच. मी परवा एक केलं. मॉडेलपासून ते बारा दिवस लपवून ठेवले अन् त्याले म्हटलं का आता तूच सांग. त्यानं सांगितलेले अन् तुम्ही लिहिलेले आकडे शेजारी शेजारी लावले. कुठं एकाचा फरक, कुठं तोही नाई. मी हसली का रडली ते सांगत नाई, लॅबमध्ये दुसरे लोक होते. पण याचा अर्थ तुमाले समजते का? मॉडेल खरं आहे असा याचा अर्थ होत नाई. एकाच घरच्या दोन जणांनी एकच अंदाज काढला, एवढाच होते. त्या मंगळवारी वावरात खरे किती पतंग होते ते तुमाले माहीत नाई, मले माहीत नाई, अन् आता कोणालेच कधी माहीत होणार नाई. माही ती सुंदर टेकडी, बाबा, वावरात नव्हतीच. पुलियावर होती.

तिथून पुढं राग वाढतच गेला. कारण मले आठवलं का लोक तुमचा आकडा पाहून औषध फवारत होते. न पाहता लिहिलेल्या सहावर कोणी फवारा मारला असंन, नाईतर कोणी मारला नसंन अन् बोंडं किडली असतीन, तर? मागच्या रविवारी मी सरळ रोहण्याले गेली. सात नंबरचा सापळा ज्याईच्या वावरात होता ते काका अजून आहेत, गुडघे गेले पण जीभ शाबूत. खाटेवर बसले होते. मी कोण ते ओळखाले त्याईले वेळ लागला, मंग म्हणे, "अरे, सीताफळवाली!" म्हणजे तुम्ही ती गोष्ट गावभर केलती.

मी विचारलं, "काका, माही अकरावी होती त्या साली बाबा सापळे पाहायले येत नव्हते, तुमाले माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? त्यानंच घरोघरी येऊन सांगितलं. म्हणे, पोरगी घाबरते, मी तिच्यापाशी बसतो. या दीड महिन्यात माह्या भरोशावर फवारू नका, आपापली पिशवी आपण पाहजा."

"मंग तुम्ही मोजले पतंग?"

"मोजाचं काय त्यात? मंगळवार-शुक्रवार पिशवी झटकत होतो. मूठभर दिसले का फवारा, चिमूटभर दिसले का राहू द्या."

"लिहून नाई ठेवलं कोणी?"

"लिहायले मी का पटवारी आहो? रविवारी तो येऊन गोळ्या बदलवून जाये. पण पिशवीत त्याले काय भेटणार, आमी आधीच झटकलेल्या."

मी म्हटलं, "काका, त्याईनं वहीत आकडे लिहिले. सगळे. न पाहता." काका गुडघा चोळायले लागले. मले वाटलं त्याईले वाईट वाटलं. पण ते विचार करत होते. मंग म्हणे, "वावरात जिथं बी उगवत नाई तिथं आपण दुसरं बी लावतो का नाई? खाडे भरतो. तुह्या बापाले खाडा पाहवत नव्हता. लोकाच्या तासात, कपाशीच्या ओळीत, एक झाड कमी दिसलं तरी खिशातून सरकी काढून टोबून जाये. तसे त्यानं वहीतले खाडे भरले असतीन. त्यात एवढं काय तोंड पाडून बसाचं? चहा मांडायले सांगू का?"

चहा घेतला मी. पण येताना बसमध्ये मले सगळं उलगडलं अन् राग गेला नाई, फक्त त्यानं जागा बदलली. माणसांले तुम्ही खरं सांगितलं, दारोदार जाऊन सांगितलं. खोटं बोलले ते फक्त कागदाशी. तुमच्यासाठी कागद म्हणजे वावरासारखाच, तास भरलेलं असलं का जीव शांत. पण बाबा, वावरातल्या खाड्यात लावलेलं बी उगवते, त्याले खरं बोंड येते. वहीतल्या खाड्यात लावलेलं काई उगवत नाई. तिथं रिकामी जागा हीच खरी नोंद होती. अन् मी कागदाची माणूस आहो. तुम्ही गेल्यावर काकांपाशी तुमचे शब्द राह्यले, आईपाशी तुमच्या सवयी राह्यल्या, माह्या वाट्याले कागद आला. ज्याच्याशी तुम्ही खोटं बोलले तोच नेमका माह्या वाट्याले आला.

मॅडमले मी सगळं सांगितलं, दाराबद्दल माफीही मागितली. त्या म्हणे, "दोन रस्ते आहेत. बारा ओळी काढून टाक, 'नोंद उपलब्ध नाही' लिही, टेकडी थोडी खचेल पण कोणी विचारणार नाही. नाहीतर जे झालं ते सांग, अन् चौथा चॅप्टर पुन्हा कर, वर्ष जाईल. मी दोन्हीवर सही करते. पण रात्री झोप मला नाही, तुला लागली पाहिजे." पहिला रस्ता सोपा आहे, अन् त्याच्यात तुमचं नावही राहते. फक्त तो खोटा आहे. नोंद उपलब्ध आहे ना बाबा. सुंदर अक्षरात उपलब्ध आहे.

आईचं अन् माहं त्याच्यावरून तीन दिवस चाललं. ती म्हणे, "ज्या मास्तरानं त्याईले इमानदार म्हटलं, त्याच मास्तरासमोर सांगशीन? दुसरा कोणी मास्तर नाई भेटत तुले?" मी म्हटलं, तेच सर परीक्षक आहेत, मी काय करू. "मंग असं सांग का वही भिजली." "आई!" "काऊन, वह्या भिजत नाई का?" शेवटी मी म्हटलं, तू येऊच नको, तुले ऐकवणार नाई. त्याच्यावर ती अशी भडकली: "माह्या नवऱ्याबद्दल चार लोकात बोलणार अन् मी घरी बसून भाजी चिरू? येणार मी. पुढं बसणार. पाहते तू काय बोलते ते." सकाळी तुमच्या आवडीची हिरवी साडी नेसून माह्याआधी दाराशी उभी होती. ती माह्या बाजूनं आली का तुमच्या, ते मले रिक्षात बसेपर्यंत समजलं नाई. अजूनही समजलं नाई.

लिहिता लिहिता ठरलं माहं. सांगते मी. असं सांगते का या बारा दिवसांचे आकडे नोंद घेणाऱ्यानं वावरात न जाता अंदाजानं लिहिले, म्हणून ते मी नोंद मानत नाई, अन् चौथा चॅप्टर त्याच्याशिवाय परत करते. टेकडी जाते तर जाऊ द्या. तो माणूस तेव्हा कुठं होता असं कोणी विचारलं तर तेही सांगीन, मान वर करून सांगीन, अन् ते सांगताना पहिल्या रांगेत पाहणार नाई, नाईतर माहा आवाज जाईन. अन् तुमचा अंदाज इतका बराबर कसा आला हा एक वेगळा चॅप्टर होऊ शकते, पण ते मंग पाहू, आधी मार खाऊन घेऊ द्या.

एक गोष्ट मात्र आत नाई सांगणार. ती तुमालेही कधी सांगितली नाई, अन् खरं पाह्यलं तर मी आज त्याच्यासाठीच भांडून राह्यली, वहीसाठी नाई. दुसऱ्या आठवड्याचा शेवट होता. गणिताच्या सरांनी मले फळ्यावर बोलावलं. गेली. खडू घेतला, गणित सोडवलं, हात कोरडे, पोटात काई नाई, कानात शिट्टी नाई. जागेवर येऊन बसली अन् समजलं का भीती गेली. पूर्ण गेली. खिडकीतून पाह्यलं तर तुम्ही पुलियावर डबा उघडून पोळीचा एक तुकडा कुत्र्याले टाकून राह्यलते अन् त्याच्याशी काईतरी बोलून राह्यलते. संध्याकाळी एसटीत तुमच्या बाजूले बसली तेव्हा तोंडापर्यंत आलतं, बाबा, आता या नका, मले जमते. पण मंग मनात आलं का उद्या खिडकीतून पाह्यलं तर तिथं नुसती पुलिया असंन. म्हणून नाई बोलली. अजून महिनाभर मी रोज सकाळी पोट धरून बसली, अन् तुम्ही रोज म्हटलं, "चाल, दिसतो मी." बारा दिवसांपैकी चार माह्या भीतीचे होते. बाकीचे आठ मी नुसत्या हौसेनं तुमच्याकडून लिहून घेतले.

वायर लागली वाटते, आत उजेड पडला. मॅडम दारातून हात करून राह्यल्या. हे पान रफ वहीतच राहू देते, पाठवाचं कुठं म्हणा. अन् तुम्ही आता "तसं नाई बेटा" म्हणून सुरू करणार, मले माहीत आहे, म्हणून तुम्ही तोंड उघडाच्या आत चालली मी.